पाळणा

आमच्या गावाची म्हण तुम्ही ऐकली असेल:
जालना, सोन्याचा पाळणा.
ती जोडणाऱ्याने पाळणा कधी हलवला नसावा.

आम्ही झारेकरी.
सराफ्यातल्या मोऱ्या लिलावात घ्यायच्या,
भट्टीची राख, ओट्यावरची झाडलोट,
सोनाराच्या पायपुसण्यातली धूळसुद्धा,
आणि कुंडलिकेच्या काठी उकिडवं बसून
परात फिरवत राहायचं,
गाळ जाईस्तोवर, पारा गोळा होईस्तोवर,
मोहरीएवढं पिवळं दिसेस्तोवर.
आई चिमूटभर माती जिभेवर ठेवून सांगायची
कुठल्या दुकानाची.

मग छावणीतला मेजर नोकरी सोडून निघाला.
चार घोडे, एक पियानो, दोन कुत्री,
आणि घोड्यांमागे मोतद्दार म्हणून बाप.
बापाने अट घातली, बायको येईल, पोरगं येईल.
आईने कसलीच अट घातली नाही,
परात तेवढी घेतली.

मुंबईपर्यंत बैलगाडी.
पुढे नुसतं पाणी, बहात्तर दिवस.

वर्षाच्या आत मेजरचं दिवाळं निघालं.
थकलेल्या पगारापोटी त्याने एक तंबू दिला, फाटका,
आणि आम्ही बेंडिगोला गेलो.
आई शेवटपर्यंत बेंडीगाव म्हणायची.

तिथं जमिनीची आतडी बाहेर काढून ठेवली होती.
ज्याच्या त्याच्या दारात मातीचा ढीग.
लाल दाढीचे, पाठीवर शेपटा सोडलेले चिनी,
कुणी वकील होता म्हणे, कुणी पळालेला खलाशी,
सगळे ओढ्यात उकिडवे, सगळ्यांच्या हातात परात.
आई त्या मुलखात पहिल्यांदा हसली ती तेव्हा:
"अगं बया, समदं जगच आपल्या जातीचं निघालं की!"

वैशाखात थंडी, पौषात झळा.
सणांचा हिशेब आईने सोडून दिला.
गुंजभर जास्त निघालं की पाडवा.
घोड्यावरचे शिपाई परवाना बघायला यायचे,
बाप तो फेट्याच्या आतल्या पदरात ठेवायचा,
आणि दाखवायचा म्हणजे भर उन्हात
आख्खा फेटा सोडावा लागायचा.
ते हसायचे. बाप सावकाश सोडायचा.

तिथं एक लाकडी पेटी होती माती धुवायची,
वर चाळणी, बुडाला वाकड्या फळ्या.
एकाने माती टाकायची, मी पाणी ओतायचो,
आई दांडा धरून हलवायची.
गोरे त्या पेटीला पाळणाच म्हणत.
बापाने दोनदा विचारून खात्री केली.
हो, लेकरांचाच शब्द.

ठकू तिथं जन्मली.
वेगळ्या पाळण्याला पैसे कुठले?
दिवसा माती, रात्री ठकू.
अंधारात त्या फळ्या कुरकुरायच्या
आणि मला वाटायचं, आई झोपेतही धूतेय.

दुसऱ्या उन्हाळ्यात ओढा आटला, पाणी सडलं,
तंबूतंबूतून हगवण फिरली.
ठकू अकरा महिन्यांची होती.
शेजारच्या चिन्याने चहाची पेटी आणून दिली, रिकामी.
बोलला काहीच नाही.
त्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची.

तिसऱ्या दिवशी बापाने पाळण्यात माती टाकली.
आई उठली नाही.
बापानेही मग फावडं ठेवलं.
निघताना तिने फळ्यांच्या फटीतली माती
नखाने खरवडून फडक्यात बांधली.

जालन्यात परत मोऱ्या, परत लिलाव.
ते फडकं फळीवर, तिखटाच्या डब्यामागे.
वीस वर्षं तिने जगाची माती धुतली,
ती तेवढी नाही.

आई गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात मी ती धुतली.
झारेकऱ्याच्या घरात माती बांधून ठेवत नाहीत.
आधी चिमूटभर जिभेवर ठेवली होती.
मला काही कळलं नाही, मला ते कधीच जमलं नव्हतं.

दोन गुंजा निघालं.
सराफाने विचारलं, कुठल्या मोरीचं?
मी म्हटलं, लांबच्या.
सहा आणे आले.
सुनेचे दिवस भरत आले होते.
त्यात पाळण्याची दोरी झाली,
आणि पावशेर गूळ.